साथ येण्याआधीची कचेरी

कोलकाता, २०२०

५ मार्च, गुरुवार

साहेबांनी सकाळी बोलावून घेतलं. दिल्लीत, जयपुरात, केरळात करोनाचे रुग्ण सापडले आहेत. आपण यंदा होळीच्या कार्यक्रमांना जाणार नाही, असं पंतप्रधानांनी काल जाहीर केलं. "हा आजार इथे आला तर कचेरीचं काय करायचं, ते तुम्ही बघा," एवढं सांगून साहेब फोनकडे वळले. बंगालमध्ये अजून एकही रुग्ण नाही. तयारीला यापेक्षा चांगली वेळ मिळायची नाही.

आमची कचेरी शहरातल्या डलहौसी भागात, चहाच्या दलालीची. बागांकडून नमुने येतात, ते चाखून किमतीचा अंदाज बांधायचा, कॅटलॉग काढायचा, लिलावात माल विकून द्यायचा. कोलकात्यातला पहिला चहा-लिलाव डिसेंबर १८६१ मधला. आता हातोडा जाऊन संगणक आला, त्यामुळे बोली घरून लावता येते. चव मात्र तारेवरून पाठवता येत नाही. कचेरीतली निम्मी कामं हाताची, नाकाची आणि जिभेची आहेत. घरून काम करा, एवढं सांगून आमचं भागणार नाही.

दिवसभर एकेकाला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला: तुम्ही महिनाभर आला नाहीत तर काय अडेल? हिशेबाच्या बोडोबाबूंनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "दिदी, सगळ्यांचा पगार." बँकेचं काम त्यांच्याशिवाय कुणालाच येत नाही. नमुना खोलीची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला. गोदामातल्या लोकांचे फोन नंबर एकाच ड्रायव्हरच्या डोक्यात. उद्यापासून प्रत्येक कामाला दुसरा माणूस शिकवायचा. वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने आखले: काम, आणि ते येणारी दोन माणसं. दुसरा रकाना आज जवळजवळ रिकामा आहे.

७ मार्च, शनिवार

चाखणीच्या खोलीत सकाळ घालवली. लांब टेबलावर कपांची रांग. प्रत्येक कपासाठी पत्ती तोलून घ्यायची, उकळतं पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकायचं. मग टेस्टर चमच्याने लिकर, म्हणजे उतरलेला चहा, उचलतो, हवेसकट जोराने ओढतो, जिभेवर फिरवतो, पिंकदाणीत टाकतो आणि पुढच्या कपाकडे जातो. त्याच्या मागोमाग दुसरा टेस्टर, त्याच कपांवरून, आपला चमचा घेऊन. हंगामात एकेक जण दिवसाला शेकडो कप चाखतो. हा आजार खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून पसरतो, असं डॉक्टर सांगतात. त्या हिशेबाने आमच्या इमारतीतली सगळ्यात जोखमीची जागा हीच.

थोरल्या टेस्टरबाबूंना नवे नियम पटायला वेळ लागला. माझं म्हणणं होतं की, एका कपातली लिकर दोन वाट्यांत वाटून घ्यावी. ते म्हणाले, ओतताना लिकर निवते, आणि निवलेल्या चहाची चव वेगळी. त्यांचं खरं होतं. वाटाघाट करून ठरलं ते असं: प्रत्येक नमुन्याच्या दोन रांगा लावायच्या, रांगेला एक टेस्टर, चमचा आणि पिंकदाणी ज्याची त्याची, काम संपलं की चमचे उकळायचे, एका वेळी खोलीत एकच टेस्टर आणि एकच मदतनीस, खिडक्या उघड्या. पत्ती दुप्पट लागेल आणि वेळही. दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे हंगामातली पहिली खुडणी, नुकता यायला लागला आहे, म्हणजे ऐन घाईचे दिवस. तरीही सोमवारची दोलची, म्हणजे इथल्या होळीची, सुट्टी संपली की हे सुरू करायचं.

९ मार्च, सोमवार, दोलपौर्णिमा

विश्वभारतीने यंदाचा वसंतोत्सव रद्द केला. आमच्या गल्लीत मुलांनी रंग खेळला, पण नेहमीपेक्षा कमी.

सिलिगुडीच्या शाखेतल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केला. तिथे जानेवारी-फेब्रुवारी २००१ मध्ये अनोळखी तापाची साथ आली होती. ६६ रुग्ण, त्यातले ४५ दगावले. तो निपाह विषाणू होता, हे जगाला कळायला २००६ उजाडलं. बहुतेकांना लागण झाली ती इस्पितळातच: तिथे काम करणाऱ्यांना आणि रुग्णाला भेटायला येणाऱ्यांना. सहकारी म्हणाले, "नाव ठाऊक नव्हतं, औषध ठाऊक नव्हतं. लोक शहर सोडून जात होते. कुणाला काय विचारायचं, तेच कळत नव्हतं." या वाक्यातून मला एक काम मिळालं. आजाराची पूर्ण माहिती हाती येण्याआधीच कचेरीत कुणी बोलायचं, काय बोलायचं आणि शंका कुणाला विचारायची, हे ठरवून ठेवायला हवं. उद्यापासून रोज सकाळी दहाला मी पाच मिनिटं बोलणार. बातमी सरकारी पत्रकातली असेल तरच सांगणार. फलकावर तीच बंगालीत आणि हिंदीत.

रात्री आईचा पुण्याहून फोन. दुबईहून परतलेलं जोडपं बाधित निघालं, महाराष्ट्रातले हे पहिले रुग्ण. तिला म्हटलं, रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आणून ठेव. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की, हेच कचेरीत सगळ्यांना सांगायला हवं.

१२ मार्च, गुरुवार

काल जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक महासाथ असल्याचं जाहीर केलं. आज देशातला पहिला मृत्यू अधिकृतपणे सांगितला गेला, कर्नाटकातल्या कलबुर्गीचा.

दोन दिवस घरोघरची माहिती लिहून घेत होते. घरात माणसं किती, खोल्या किती, साठीच्या पुढचं कोण, मधुमेह किंवा दमा कुणाला, कचेरीला कसे येता, औषधं किती दिवसांची आहेत. कागद माझ्याच कपाटात राहील आणि कुणाला दाखवला जाणार नाही, हे आधी सांगितलं, म्हणून लोक मोकळेपणी बोलले.

चौदा दिवस वेगळ्या खोलीत राहा, असं सरकारी पत्रक सांगतं. आमच्याकडे नमुन्यांची पाकिटं भरणाऱ्या बाई कॅनिंगहून लोकलने येतात. घर एका खोलीचं, माणसं सहा, कूपनलिका चार घरांत मिळून एक. त्यांनी शांतपणे विचारलं, "दिदी, वेगळी खोली म्हणजे कुठली?" बनगाव लाइनवरून येणाऱ्या शिपाईदादांचं उत्तरही तेच. कचेरीतल्या एक तृतीयांश माणसांना घरी वेगळं राहणं शक्यच नाही.

बालीगंजला कंपनीचा पाहुण्यांसाठी फ्लॅट आहे, तीन खोल्यांचा. बागेवरचे मॅनेजर शहरात आले की तिथे उतरतात. तो फ्लॅट या कामासाठी राखून ठेवावा, अशी चिठ्ठी साहेबांकडे पाठवली. संध्याकाळी होकार आला. तांदूळ, डाळ, साबण, तापमापक, चादरी, आणि जेवण दाराशी पोहोचवण्याची व्यवस्था, अशी यादी केली. तिथे राहणाऱ्याचं नाव कचेरीत जाहीर करायचं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा त्रास झाला तर बोलायला मी जायचं.

१३ मार्च, शुक्रवार

ईडन गार्डन्सवरचा १८ तारखेचा भारत-दक्षिण आफ्रिका सामना रद्द झाला. मास्क आणि सॅनिटायझर केंद्राने जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातले. डलहौसीच्या औषध दुकानांत दोन्ही संपलेत. आम्ही साबण भरपूर घेतला आहे, बेसिनपाशी ठेवला आहे, आणि साबणाने वीस सेकंद हात धुणं पुरेसं आहे, हे रोज सांगतो.

आजची खरी बैठक पैशांची. नियमाप्रमाणे तीन दिवसांपुढच्या आजारपणाच्या रजेला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि रोजंदारीवरच्या माणसाला न आलेल्या दिवसाचे पैसे नाहीत. साहेबांपुढे मी दोन गोष्टी ठेवल्या. साधा ताप आलेला माणूस सर्टिफिकेटसाठी दवाखान्याच्या गर्दीत दोन तास बसेल. ताप दुसरा असेल तर तो इतरांना देईल, आणि दुसरा नसेल तर तिथून घेऊन येईल. आणि ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, तो क्रोसिन घेऊन, ताप लपवून कामावर येणारच. त्याला दोष देता येत नाही. त्याने घरी राहावं असं आपल्याला वाटत असेल, तर घरी राहणं त्याला परवडलं पाहिजे.

साहेबांनी हिशेब मागितला. बोडोबाबूंनी तो आधीच करून ठेवला होता. रोजंदारीवरच्या पाचही जणांची महिन्याची मजुरी एका बाजूला, आणि फर्स्ट फ्लशच्या दिवसांत चाखणीची खोली पंधरा दिवस बंद राहिली तर होणारं नुकसान दुसऱ्या बाजूला. पहिला आकडा दुसऱ्यापुढे फारच लहान होता. ठराव झाला: ताप, खोकला किंवा दम लागला तर फोन करून घरी थांबायचं, कागद लागणार नाही, पगार कापला जाणार नाही, आणि हे रोजंदारीलाही लागू. घरात कुणी आजारी असेल तरी हाच नियम.

सूचना फलकावर लावली तेव्हा कॅनिंगच्या बाईंनी ती शेजारणीकडून दोनदा वाचून घेतली.

१४ मार्च, शनिवार

आज रंगीत तालीम. निम्म्या लोकांना घरी राहायला सांगितलं आणि कामं नेहमीप्रमाणे चालवायची ठरवली. काय अडलं ते लिहून ठेवते. बँकेचा ओटीपी घरी बसलेल्या माणसाच्या फोनवर गेला, आणि तो त्या वेळी बाजारात होता. दोन जणांच्या घरी इंटरनेट इतकं मंद की कॅटलॉगची फाइल उघडेना. बागेहून आलेला नमुन्यांचा खोका दारात पडून राहिला, कारण पावतीवर सही करण्याचा अधिकार एकालाच. तराजूचं वजन तपासण्याचं काम मात्र दुसऱ्या माणसाने आज पहिल्यांदा केलं आणि नीट केलं.

ओटीपीसाठी कचेरीच्या नावाचा स्वतंत्र फोन घेतोय. सहीचे अधिकार दोघांना. दोन जणांना डोंगल. कागदावर सगळं सुरळीत दिसत होतं. अडचणी एका दिवसात वर आल्या, त्या तालमीमुळे.

राज्यातल्या शाळा सोमवारपासून बंद. कॅटलॉगच्या कामातल्या दोघींची मुलं लहान आहेत. त्यांना आत्ताच घरून काम दिलं.

१६ मार्च, सोमवार

राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे साल वेगळं सांगावं लागत नाही.

प्लेगने मुंबई-पुणं पोळलं तेव्हा फेब्रुवारी १८९७ मध्ये हा कायदा आला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घरात घुसून झडती घेत, आजारी माणसाला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. माणसं रुग्ण लपवायला लागली, प्रेतंसुद्धा लपवायला लागली. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच शहरात, त्याच वर्षी सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात नेत होत्या. रुग्णांची सेवा करतानाच प्लेग होऊन १० मार्चला त्या गेल्या.

वर्षभराने प्लेग कोलकात्यात पोचला. इथेही घबराट उडाली, लोक शहर सोडून निघाले. पण बंगाल सरकारने पुण्याइतकी सक्ती केली नाही. विवेकानंदांनी पत्रक काढून लोकांना धीर दिला. मार्च १८९९ मध्ये भगिनी निवेदिता आणि स्वामी सदानंदांनी बागबाजार भागातल्या वस्त्या झाडून काढण्याचं काम हाती घेतलं. निवेदिता स्वतः झाडू घेऊन गल्लीत उतरल्या.

विलगीकरणाची भीती आजाराच्या भीतीइतकीच जुनी आहे. माणूस रुग्ण लपवतो, कारण सांगितलं तर आपलं काय होईल हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून सकाळच्या पाच मिनिटांत आज मी एवढंच सांगितलं: कुणाला ताप आला तर कचेरी काय करील. पगार चालू. जेवण दाराशी. नाव गुप्त. जागा हवी असेल तर बालीगंजला. बरं झाल्यावर तेच काम, तीच खुर्ची.

१८ मार्च, बुधवार

कोलकात्यातला पहिला रुग्ण काल रात्री जाहीर झाला. इंग्लंडहून परतलेला तरुण, बेलियाघाटाच्या आयडी इस्पितळात दाखल. त्याची आई राज्याच्या सचिवालयात, नबान्नमध्ये, अधिकारी आहे, म्हणून तिथे निर्जंतुकीकरण सुरू आहे, आणि तिथल्या काही अधिकाऱ्यांना घरी राहावं लागलं आहे. एका माणसामागे किती जण तपासावे लागतात, ते शहराला आज कळलं.

आम्ही आजपासून दोन तुकड्या केल्या. एक आठवडा ही, एक आठवडा ती. दोन्ही तुकड्यांनी एकमेकींना भेटायचं नाही, डबा एकत्र खायचा नाही, किल्ली दारातल्या पेटीत ठेवायची. एका तुकडीत कुणी बाधित निघालं तर ती पूर्ण चौदा दिवस घरी, आणि दुसरी काम चालवेल. दोन्हीकडे एकेक टेस्टर, हिशेबाचा एकेक माणूस, पाकिटं भरणारे दोघे-दोघे. तिसरे, थोरले टेस्टरबाबू, आणि पाकिटांवरचे साठीच्या पुढचे काका घरी, पगार चालू. कोण कधी आलं, कुणाजवळ बसलं, याची वही दारावर ठेवली.

सकाळी नमुना खोलीतल्या एका मुलाचा फोन आला: "दिदी, अंग गरम आहे, येत नाही." त्याने आपणहून कळवलं. शुक्रवारचा ठराव नसता, तर तो आज लोकलच्या गर्दीतून आला असता.

२१ मार्च, शनिवार

दमदमच्या एका ५७ वर्षांच्या गृहस्थांना लागण झाली आहे, आणि ते परदेशातून आलेले नाहीत. म्हणजे आजार आता शहरातून शहरात फिरतोय. मास्क आणि सॅनिटायझरच्या किमतींवर केंद्राने मर्यादा घातली: २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपये.

साहेबांकडून दुपारी मंजुरी घेतली आणि एप्रिलअखेरपर्यंतची मजुरी सगळ्यांना आगाऊ दिली. खातं नसलेल्यांना रोख, पाकिटात, सही घेऊन. लोकल बंद पडली तर कॅनिंगच्या, लक्ष्मीकांतपूरच्या माणसापर्यंत पैसे पोचवायचे कसे, हा प्रश्न पुढच्या आठवड्यात सुटण्यासारखा नाही. प्रत्येकाला दोन फोन नंबर दिले, एक माझा आणि एक बोडोबाबूंचा.

ताप आलेल्या मुलाला उतार पडला आहे. तो रविवारपासून चौदा दिवस घरीच.

२२ मार्च, रविवार

जनता कर्फ्यू. रेल्वेने ३१ मार्चपर्यंत सगळ्या प्रवासी गाड्या रद्द केल्या. लोकल आणि कोलकाता मेट्रोची तुरळक सेवा आज मध्यरात्रीपर्यंतच. राज्य सरकारने उद्या संध्याकाळी पाचपासून कोलकाता बंद ठेवण्याचा आदेश काढला. सकाळपासून सगळ्यांना फोन केले. सगळे आपापल्या घरी आहेत, हातात पैसे आहेत. कुणालाही उद्या धावपळ करून गाडी पकडायची नाही.

२३ मार्च, सोमवार

दमदमचे गृहस्थ आज गेले. राज्यातला पहिला मृत्यू.

कचेरीत मी, बोडोबाबू आणि एक टेस्टर, तिघेच. संगणक घरी नेले, चेकबुकं कुलपात, नमुने हवाबंद डब्यांत. ब्रिटनमधल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सांगितलंय की, अचानक वास न येणं हेही या आजाराचं लक्षण असू शकतं. टेस्टरबाबू वाचून गप्प झाले. ज्यांचं सगळं आयुष्य नाकावर चालतं, त्यांच्यासाठी ही बातमी फार मोठी. तिन्ही टेस्टरांना सांगितलं: रोज सकाळी घरातला चहा हुंगून बघा, वास लागला नाही तर त्याच घडीला वेगळं राहा आणि मला कळवा.

साडेचारला कुलूप लावलं.

२५ मार्च, बुधवार, गुढीपाडवा

काल रात्री आठला एकवीस दिवसांची देशभर टाळेबंदी जाहीर झाली. बाल्कनीत गुढी उभारली. कडुनिंबाचा पाला सोसायटीच्या माळ्याने खालून दोरीला बांधून दिला. आईला फोन केला. गोळ्या आहेत, शेजारी आहेत.

दार्जिलिंगच्या बागा बंद. फर्स्ट फ्लश झाडावरच राहील, पानं वाढून निबर होतील, आणि वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा जाईल. ते नुकसान आमच्या हातात नव्हतं. आमच्या हातात होतं ते आम्ही केलं. ठरावीक वेळी फोन लावला, सगळ्यांनी उचलला, सगळे ठीक आहेत.

ओळखीच्या दोन कचेऱ्यांनी आमची टिपणं मागितली आहेत. त्यांना आणि पुढे कधी हे वाचणाऱ्या प्रत्येक कचेरी चालवणाऱ्याला सांगणं एवढंच: साबण, मास्क, फलक हे सगळं करा, पण आधी पगाराचा ठराव करा. प्रत्येक काम दोघांना शिकवा. एक दिवस तालीम घ्या. ज्याच्या घरात वेगळी खोली नाही त्याच्यासाठी खोली शोधून ठेवा. आजारी माणसाचं नाव जपा. आणि हे सगळं पहिला रुग्ण सापडण्याआधी करा, कारण त्यानंतर आमच्या कचेरीच्या वाट्याला जेमतेम सहा दिवस आले.